अकराचा घाणा

शिहोरच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
वालजीचा उजवा तळहात चादरीवरून पुढे सरकतो,
थांबतो, मागे येतो.
नर्स म्हणाली, काहीतरी मागतायत.
सुरतेहून आलेला मुलगा म्हणाला, चादर टोचत असेल.
डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर होतं असं,
त्याला अर्थ नसतो.

मी खाटेच्या पायथ्याशी होतो.
एकतीस वर्षं तिथेच उभा आहे म्हणा ना :
तो पाटावर, मी कढईवर, मध्ये दीड हात.

अर्थ नसतो कसा?
अंगठ्याखालचा तो उंचवटा बघा,
घासून घासून काचेसारखा झालेला.
बेसनाचा लांबट गोळा त्याखाली धरायचा
आणि रेटत न्यायचा एका श्वासात,
की पाटावर पिवळी पट्टी उमटते,
ओव्याचा दाणा न् दाणा मोजता येईल इतकी पातळ.
मग डाव्या हाताने सुरी खालून फिरवायची.
डावा हात आता लाकूड झालाय.
म्हणून पट्टी सुटत नाही,
चादरीलाच चिकटून राहते.

आम्ही फारसं बोललो नाही कधी.
पापडखार जास्त पडला की तो खोकायचा,
तेल जास्त तापलं की मी पाय आपटायचो.
माझ्या लग्नात त्याने दोनशे माणसांचे फाफडे केले,
कढी, कच्च्या पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या,
पैसे घेतले नाहीत,
आणि दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास उशिरा आलो
तर संध्याकाळपर्यंत तोंड फिरवून बसला.

रात्री तीन वाजता, म्हणजे आमच्या भट्टीच्या वेळेला,
हात पुन्हा चालू झाला. मी मोजलं.
नऊ. दहा. अकरा.
थांबला.
आमच्या कढईत अकराच मावतात.

तो थांबलाय कशासाठी, ते या खोलीत
मला एकट्याला माहीत.
मी हळूच म्हणालो, ‘काढला.’
आणि हात निघाला.
एक. दोन.

मोंघीभाभी जागीच होती. म्हणाली,
गोरधनभाई, दमतोय हो तो,
दिवाळीच्या रात्री म्हणता ना, तसं म्हणा एकदा,
पीठ संपलं म्हणा. तुमचंच ऐकेल.

खरं आहे. तो शब्द दुकानात फक्त माझा.
माझ्या त्या दोन शब्दांवर तो पाट धुवायचा,
पंचाने मान पुसायचा,
आणि मागे न बघता घरी जायचा.

अकरा.
हात थांबलाय.
खिडकीखाली कुणाच्या तरी टपरीवर स्टोव्ह पेटला.
भाभी माझ्याकडे बघतेय.

मी म्हणालो, ‘काढला.
वालजी, परातीत अजून दोन गोळे आहेत.’