म्हणे

आवाज माझाच आहे. नाकारत नाही.
दुकानात बसले होते, पुढ्यात रिचार्जची वही,
शाळेच्या वळणावर पांढरी जीप थांबलेली दिसली
आणि फोन ओठांशी धरून मी विचारलं,
"अगं, कुणाची गं ही जीप?
पोरांच्या बोटांतून रक्त काढतायत म्हणे. तुला काही माहीत?"
शेवटी हसलेसुद्धा.
अकरा सेकंद.
एकट्या हिलारियाला पाठवलं, मावसबहिणीला,
जिच्या घरात फोन चार, चार्जर एक.

प्रश्न पहिल्या घाटातच गळून पडला.
हसू कुणी कापलं, ठाऊक नाही.
थेंबाची बाटली झाली कोयाकुंकात,
नदीपलीकडे बाटलीचं पिंप,
आणि आठवडी बाजारात पोचेस्तोवर
पिंपात रक्त नव्हतंच, चरबी होती.
पराचा कावळा करायला आमच्या उंचीवर कावळे नाहीत.
कंडोर झाला.

पिश्ताको आम्हाला नवा नाही.
रात्रीच्या वाटेवर एकट्याला गाठून चरबी काढून नेतो,
तिच्यावर पूर्वी चर्चच्या घंटा ओतायचे,
मग आगगाडीची चाकं फिरायची, असं म्हातारे सांगत.
आता काय चालवतात? ग्रुपवर कुणीतरी विचारलं.
उत्तर आलं मिनिटाच्या आत : विमानं.
खाली अठ्ठावीस रडके चेहरे.

तिसऱ्या दिवशी निरोप माझ्याकडे परतला.
दुसऱ्याच बाईचा आवाज, धापा टाकणारा,
मुलांची नावं, गावाचं नाव, जीपचा नंबर.
माझे बहुतेक शब्द होते त्यात,
फक्त तो एक लहानगा नव्हता.
म्हणे.
आमच्या केचुआतही तो असतो, शब्दाच्या शेपटीला चिकटलेला :
मी पाहिलं नाही हं, ऐकलंय.
तेवढाच कुठेतरी निसटला होता
आणि त्याच्याविना मला माझंच बोलणं ओळखू आलं नाही.

दाराला अडसर घातला.
फ्लोरिंदाला मेंढीच्या कातड्यांखाली लपवलं
आणि त्रेचाळीस जणांना पुढे पाठवलं,
वर स्वतःच्या बोटांनी लिहिलं : खात्रीची बातमी.

घंटा वाजली तेव्हा चौकात सगळं गाव.
नर्सबाई रोसाउरा वही वर धरून दाखवत होती.
आमच्याच बोलीत ओरडत होती,
माझी आई सिकुआनीच्या बाजारात बटाटे विकते, विचारा कुणालाही.
गर्दीतून कुणी म्हणालं, बघा,
भाषासुद्धा शिकून येतात.

मी दगड मारला नाही.
जिनं मारला
तिचं बाळ मी धरलं होतं.

जीप रात्रभर जळत होती.
ड्रायव्हर विल्बेर तारेखालून पळाला, वाचला.
ती पण वाचली, डाव्या कानानं आता ऐकू येत नाही.
वहीचं एक पान वाऱ्यानं माझ्या ओट्यावर आणून टाकलं,
कडा जळक्या, मधे सुबक अक्षरात :
फ्लोरिंदा, वय चार, रक्त कमी, औषध सुरू करावे.

पोलीस आले. सुरुवात कुणी केली?
जो तो फोन पुढे करी : मला यानं पाठवलं, याला तिनं.
साहेबानं कागदावर बाण काढले,
बाणांनी गावाला दोन फेऱ्या घातल्या,
मग पेनातली शाई संपली की त्याचा धीर, कोण जाणे.
मी त्याला कोकाचा चहा करून दिला.

ते अकरा सेकंद अजून फोनमध्ये आहेत.
सर्वांसाठी पुसून टाकायची मुदत असते,
ती केव्हाच टळली.
कधी रात्री आवाज बारीक करून ऐकते,
हसू येतं तिथे थांबते.

औषध मी पायी जाऊन आणलं, चार तास.
लोखंडाची चव, दात काळे पडतात.
चमचा पाहिला की फ्लोरिंदा तोंड फिरवते,
मग बोट पुढे करते, जिथे टोचलं होतं ते,
आणि विचारते, ती मावशी परत येणार?

येणार म्हणे,
मी सांगते.