ओळ एकेचाळीस

आधी आमचा प्रोग्राम चुन्याच्या डबीतून फिरायचा.
पेनड्राइव्ह तेवढ्याच मापाचा. मुबारक तडवी
फैजपूरहून सावद्याला मोटरसायकलवर घेऊन यायचा,
आणि आत फायलींची नावं: तोल नवा, तोल नवा मुबारक,
तोल हाच घ्या, तोल हाच घ्या सोमवार.
सोमवार कुठला, ते कुणी लिहिलं नव्हतं.

तनुजा भंगाळे आली, तिनं डबी मागून घेतली.
काट्याच्या पावतीमागं झाड काढलं:
एक खोड, दोन फांद्या, वर पुन्हा एकच खोड.
मी म्हटलं, फांदी परत खोडात शिरत नसते.
ती म्हणाली, इथं शिरते. म्हणून तर शिकायचं.

माझी पहिली कमिट: 'बदल केले.'
दुसरी: 'अजून बदल केले.'
खाली मुकादम डोंगरभाऊंची वही उघडी होती.
'कोचूर शिवार. घड तीनशे बारा. दांडा वजा.
गाडी साडेअकराला सुटली, ताडपत्री फाटकी.'
जो तिथं नव्हता त्यालाही गाडी दिसते.
माझ्या नोंदीत मला मीच दिसेना.

मग ती रात्र.
मशीन म्हणालं, आधी दुसऱ्याचं घे, मग तुझं दे.
मी जबरदस्तीनं पुश केलं.
मुबारकचा तीन रात्रींचा हमालीचा हिशेब
माझ्या एका एंटरखाली गेला.
शिवी येईल म्हणून मी मान खाली घालून बसलो.
तो एवढंच म्हणाला, "काय करीसन बसला रे बा,"
आणि स्वतःच्या लॅपटॉपवरून एकेक घड उचलावा
तसं सगळं पुन्हा वर चढवलं. पहाट झाली.

भांडण लागलं ते मात्र एका अक्षराचं.
पडद्यावरचं पहिलं बटण. तनुजानं लिहिलं: केयीचं वजन.
मी त्याच दिवशी माझ्या ब्रँचवर: केळीचं वजन.
मशीननं दोन्ही ओळी समोरासमोर बसवल्या,
मधे बरोबरच्या खुणांचा बांध घातला
आणि गप्प राहिलं. त्याला ळ कळत नाही, य कळत नाही.
एकाच जागेवर दोघं बसलेत, एवढंच कळतं.

जळगावच्या मेसमध्ये पहिल्या वर्षी
मी 'डोया' म्हणालो आणि अख्खी पंगत हसली होती.
त्यानंतर ळ मी घासून घासून जिभेवर बसवला.
तनुजाही त्याच पंगतीत होती. तिनं नाही बसवला.

ही ओळ कुणाची, असं विचारायची एक आज्ञा आहे.
तिचं इंग्रजी नाव दोष देणारं, उत्तर मात्र कोरडं:
नाव, तारीख, वेळ. माझं नाव. रात्री एक वाजून दहा.
कारणाच्या जागी: 'शुद्ध केलं.'

सकाळी पावत्या फाडणाऱ्या सोजाबाईंना
दोन्ही बटणं दाखवली. त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं,
म्हणजे ळवर, आणि मोठ्यानं वाचलं:
"केयीचं वजन."

म्हणजे कुठलंही चाललं असतं.
तरी बांध मी फोडला, माझी ओळ काढली
आणि लिहिलं: 'ओळ एकेचाळीस. केयी ठेवलं,
सोजाबाईंनी वाचलं तसं.
ळ मागच्या नोंदीत आहे, लागला तर.'

खालून डोंगरभाऊ हॉर्नच्या वर ओरडले, झालं का?
मुबारक खिडकीतून म्हणाला,
घ्या, लावा गाडी काट्यावर.