सहाशे साठ

रुटाइलचा एक कण, केसाच्या जाडीचा,
गार्नेटच्या पोटात सापडला.
दगड सुन्नफ्योर्डच्या किनाऱ्यावरचा.
मीच फोडला होता, हातोडीच्या चौथ्या घावाला,
आणि कड्यावरच्या कुरव पक्ष्यांनी
माझ्या नावाने शंख केला होता.

बर्गनमध्ये, तळघरातल्या यंत्राखाली
रात्रभर त्या कणावर इलेक्ट्रॉनांचा झोत धरला.
टायटॅनियमच्या घरात झिरकोनियम किती,
एवढंच विचारायचं होतं.
थंडीत त्याला कोणी थारा देत नाही.
आच वाढली की भिंती जरा सैल होतात,
दाटीवाटीत एखाद्याची सोय होते.
मग दगड निवतो, दारं लागतात,
आत राहिला तो राहिला.
चाळीस कोटी वर्षं.

पहाटे आकडा आला: दशलक्षात दोनशे.
दाबाचा हिशेब घातला
(पासष्ट किलोमीटर खोल होता हा,
आता माझ्या टेबलावर
कागद उडू नयेत म्हणून बसलाय)
आणि निघाले सहाशे साठ अंश.
वीस इकडे, वीस तिकडे.

हा आकडा माझ्या ओळखीचा होता.

बाबा होयांगरच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियम ओतायचे,
एकतीस वर्षं.
लोखंड लाल होऊन सांगतं तरी, ते म्हणायचे,
हे लबाड. वितळलं तरी चांदीचं चांदी,
हात लागल्यावरच कळतं,
आणि मग फार कळतं.
त्यांच्या मनगटावर वाटाण्याएवढा
एक गुळगुळीत डाग होता.
चर्चमध्ये प्रवचन लांबलं
की मी त्यावरून बोट फिरवत बसायचे.

रविवारी दगड घेऊन वृद्धाश्रमात गेले.
आर्नफिन एलव्हेबाक, खोली नऊ.
एल्ब्योर्ग हे नाव त्यांच्या तोंडून गेलंय;
मला कधी बहीण समजतात, कधी नर्स.
दगड त्यांनी तळव्यावर तोलला.
खिडकीतल्या उन्हाने तो कोमट झाला होता.

"किती?"

मी म्हटलं, सहाशे साठ.

डोळे बारीक झाले,
भट्टीच्या तोंडाशी व्हायचे तसे.
"नुसतं वितळलंय," म्हणाले.
"थांब पोरी. अजून ओतू नकोस."

कॉफीची गाडी आली, गेली.
मी थांबले.