दोन विड्यांचा वेळ

गोळ्यांच्या बाटलीत मी कापूस कोंबते,
बसमध्ये खुळखुळू नये म्हणून.
चौदा वर्षं झाली.

चिकोडीच्या त्या खिडकीपाशी आम्ही सगळ्या
एकमेकींना ओळखत नाही.
कुणीच न ठरवता तसं ठरलंय.
निपाणीतली कुणी दिसली तर पदर तोंडावर,
संकेश्वरची दिसली तर नजर भिंतीवरच्या कन्नड पाटीवर,
जी मला वाचता येत नाही
आणि तरी मी चौदा वर्षं वाचतेय.

फक्त बाळव्वा तसली नव्हती.
रांगेतून मोठ्यानं विचारायची, "किती आला गं तुझा?"
जसा काही हजारीचा भाव.
तिचा नेहमीच माझ्यापेक्षा चांगला.
मागल्या वर्षी तर तिच्या रक्तात विषाणू सापडलाच नाही,
तेव्हा तिनं पाव किलो फरसाण घेतलं
आणि निपाणी येईस्तोवर आम्ही ते संपवलं.

तेव्हाच तिला अंगावरून जात होतं.
पाळी जाऊन सहा वर्षं झालेली बाई.
म्हणाली, जर्द्याची उष्णता असेल.
मीही म्हणाले, असेल.
ते 'असेल' अजून माझ्या घशात आहे.
पुढच्या दाराला आम्ही इतकी कुलपं लावली
की घराला परसदार असतं हेच विसरलो.

तिसऱ्या दिवसानंतर तिच्या मुलानं मला गाठलं.
"आईला नेमकं कशानं नेलं, मावशी?"
त्याला एकच नाव हवं होतं,
चारचौघांत सांगण्याजोगं.
मी म्हणाले, कॅन्सर.
आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मला सोपा वाटला.

म्हणून आज मी या टेबलावर, पाय वर घेऊन.
समुपदेशनाची पोरगी म्हणाली होती,
"आपल्यातल्या बायकांना हा सहापट जास्त होतो."
सहापटीपेक्षा मला तिचं 'आपल्यातल्या' लागलं.
मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले,
ती फायलीकडं.

शिरक्याचा वास येतो,
चौकातल्या गोबी मंचुरीच्या गाड्यासारखा.
हसू येतं, अशा वेळी यायला नको ते.
मग थंडगार बोळा.
"अंजब्याड्री," शिवलीला नर्स म्हणते, "ओंद निमिष."
एक मिनिट थांबायचं.
जिथं बिघडलंय तिथं पांढरं उमटतं म्हणे.

एक मिनिट म्हणजे दोन विड्या.
चादरीवर माझी बोटं आपसूक वळायला लागतात:
पान, जर्दा, घडी, दोरा.
दुसरं पान.
माझ्या आत काय उमटतंय ते तिला दिसतंय,
मला फक्त पंखा,
त्याच्या एका पात्याला लटकलेली जळमट.
बाळव्वाला हे मिनिट कुणी दिलंच नाही.
तिनं मागितलं नाही, तेही खरं.
मागायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, तेही.

"सण्णद ऐतिरी."
एवढं कन्नड मला कळतं.
करंगळीच्या नखाएवढं, ती बोट दाखवते.
मुकादम सुपातून छाट काढतो तसं
एवढंच बाजूला करायचं, बाकी माल चालेल.
आजच जाळू, म्हणते. चाळीस सेकंद.
पोटात कळ उठते,
जुन्या पाळीची, कित्येक वर्षांनी भेटलेली.

वर्षानं परत यायचं.
ती फायलीवर कन्नडात काहीतरी लिहिते,
मी तारखेचा आकडा तेवढा पाठ करते.

बाहेर बाकड्यावर संकेश्वरची बसलीय,
पदर ओढून, पाटी वाचत.
मी तिच्या शेजारी टेकते, अगदी लागून.
ती सरकत नाही. बघतही नाही.
पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेते
तेव्हा आत काहीतरी खुळखुळतं
आणि दोघींनाही ऐकू येतं.

"लय दुखतंय का?" पाटीकडं बघतच ती विचारते.
"दुखतंय थोडं," मी सांगते.
"शिरक्याचा वास येतो. भिऊ नको त्याला."