माप

दस्तगीरभाई आठवडाभर ब्लाउज शिवायचे,
रविवारी माशी.
कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस,
मशीनचा काळा दोरा, तीन वेढे,
गाठ दातानं.

भिलवडीच्या घाटाखाली मांडीभर कृष्णा.
मनगट मागं, थांब, मग पुढं.
पीस पाण्यावर टेकायचं
कापडावर खडू टेकतो तितकंच.

खवल्या वर आला,
बघितलं त्यानं,
वळला.
"माप चुकलं," म्हणाले, आणि
दुसरी बांधायला बसले दगडावर,
चष्मा कपाळावरच.

तो गळ अजून माझ्या पाकिटात.
एसटी पुलावर आली, सुट्टे काढताना
आज पुन्हा टोचला.
"लागलं का हो?" कंडक्टर विचारतो.
मी खाली पाण्याकडं बघतो.
नाही.
वळून गेला.