गाळीव

रात्रपाळीत ओलेटा स्टिडम
तेलाचा एक थेंब टिपकागदावर सोडते
आणि वाट बघते.

तेल कसलं, कोळसाच तो,
केंटकीच्या डोंगरातून खणलेला, दळलेला,
हायड्रोजनच्या दाबाखाली शरण आलेला.
राख मात्र शरण येत नाही.
चिमटीत लागत नाही, तळाशी बसत नाही.
दोन दिवस उभी ठेवलेली बाटली
वरपासून खालपर्यंत तेवढीच काळी.

थेंब पसरतो.
कडेला तपकिरी, चहा सांडल्यासारखा,
मधोमध काळी टिकली.
ती आहे तोवर
तेल गाळलं असं म्हणायचं नाही.

मग व्हर्लिनला हाक.
तो गाळणीच्या जाळ्यांवर पांढरी भुकटी चढवतो.
पोत्यावर कॅलिफोर्नियाचा शिक्का,
आत कुठल्याशा आटलेल्या समुद्रातल्या
डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं.
बुडालेल्या रानाची राख
आटलेल्या समुद्राच्या हाडांत अडकवायची,
आपला धंदा एवढाच, तो म्हणतो
आणि हातमोज्याच्या पाठीनं नाक पुसतो.

पहिली वीस मिनिटं धार बरी.
मग दाब चढतो, थर जाड होतो,
गाळणीचाच गाळ होतो.
उघडा, खरवडा, धुवा, पुन्हा चढवा.
नोंदवहीत याला 'खंड' म्हणतात.
तिच्या खांद्यात त्याला दुसरं नाव आहे.

एका मार्चमध्ये प्रयोगशाळेतल्या पोरानं
कशात काय मिसळलं कोण जाणे,
भांडलेली चुलत भावंडं मयताला एकत्र यावीत
तसा कण कणाला धरू लागला.
गुठळ्या झाल्या, जड झाल्या, खाली बसल्या.
त्या रात्री कागदावर नुसतं तपकिरी वर्तुळ.
ओलेटानं ते दिव्यासमोर धरलं
आणि पाच मिनिटं तरी
कुणालाच हाक मारली नाही.

ऑगस्टात विहिरीचं तेल स्वस्त झालं.
यादीतून आधी रात्रपाळी गाळली,
मग उरलेले सगळे.
हिशेब देताना साहेब म्हणाले,
तंत्र सिद्ध झालं, हे विसरू नका.

आता ती शाळेच्या स्वयंपाकघरात असते.
टिपकागदांची चळत घरी, फ्रिजवर.
कोऱ्या बाजूला याद्या: मक्याचं पीठ, मीठ,
व्हर्लिनच्या बायकोचा नंबर.
एकाच कागदावर तिनं काही लिहिलेलं नाही.

नातू विचारतो, हा कसला डाग?
डाग नाही रे, ती म्हणते,
मधे बघ.
काही दिसतंय?