ता. बं.

मे महिन्यात लष्कर असं तापतं की
दौलतगंजातली कुत्री नालीत उतरून बसतात.
लॅपटॉपखाली दोन वाट्या पालथ्या घालून
मी तारे तपासत होते.
तारा दिसत नाही यात.
दिसतात रकाने:
वेळ, प्रकाश, चूक किती असू शकेल.
एक हजार एकशे चाळीस तारे, आठ आठवडे,
विद्यावेतन 'लवकरच'.

हर्डीकर मॅडम दर मंगळवारी पुण्याहून पडद्यावर येत.
म्हणत, तारा मंद झाला
तर आधी स्वतःवर संशय घे,
मग यंत्रावर,
ताऱ्यावर सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या आठवड्यात सापडला तो.
क्रमांक सातशे बारा.
दर साडेतेरा दिवसांनी
थेट शून्य.
मंद नाही, अर्धा नाही,
कुणी फुंकर घालावी तसा गेलेला,
आणि दिवसभरानं पुन्हा तेवढाच लख्ख.
रात्रीचे दोन. कूलरमधलं पाणी संपलेलं.
मी मनात शोधनिबंधाचं शीर्षक लिहिलं,
खाली माझं नाव,
आडनाव इंगळे लिहावं
की इथले म्हणतात तसं इंगले,
तेवढंच ठरायचं राहिलं.

बाबा पाणी प्यायला उठले.
एकतीस वर्षं त्यांनी वीज मंडळाचे मीटर वाचले,
हजीऱ्यापासून मुरारपर्यंत,
आधी सायकलवर, मग लुनावर.
आलेखाकडे बघत म्हणाले, हे शून्य कसलं?
म्हटलं, तारा विझतो.
तांब्या खाली ठेवून ते म्हणाले,
त्या दिवशी घरी कोणी होतं का?

कुलूप असलं तर आम्ही शून्य नाही लिहायचो.
शून्य म्हणजे मी आत गेलो, चकती पाहिली, फिरली नव्हती.
कुलूप म्हणजे मला माहीत नाही.
रजिस्टरात दोन अक्षरं: ता. बं.
ताला बंद.
नवी पोरं ठोकून द्यायची शून्य, लवकर घरी जायला,
आणि पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाच्या शिव्या मला.

मी हसले.
मग प्रोग्राम उघडला.
ओळ एकशे सहा, माझ्याच हातची:
रिकामी जागा दिसली की शून्य भर.

दर साडेतेरा दिवसांनी उपग्रह
ताऱ्यांकडे पाठ करतो,
पाहिलेलं सगळं पृथ्वीच्या कानावर घालायला.
तेवढा वेळ तो बघतच नसतो.
सातशे बारा जळतच होता.
सातशे तेराही, चौदाही,
माझ्या रकान्यांत सगळे एकाच दिवशी विझलेले;
मी त्यांना उघडून पाहिलंच नव्हतं.
एकाच्या प्रेमात पडल्यावर
गल्लीतली बाकीची घरं कोण बघतं.

रविवारी बाबांना घेऊन किल्ला चढले.
वळणावर खडकात कोरलेलं चतुर्भुजाचं देऊळ,
आत भिंतीवर तो जुना लेख:
दोनशे सत्तर हात लांब बाग,
देवाला रोज पन्नास माळा,
आणि त्या आकड्यांच्या टोकाला
नखाएवढं वर्तुळ.
ज्यानं ते कोरवून घेतलं
त्याच्यासाठी कुणीतरी ती बाग
हातांनी मोजली असणार, उन्हातून,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

जाळीला कुलूप होतं.
चौकीदार जेवायला गेलेला.
बाबांनी गजाला हात लावला, चटका बसून काढला,
सवयीनं खिशातलं पेन चाचपलं
आणि म्हणाले, लिही.

अहवालात शेवटी तीन तारे उरले,
तिन्ही आधीच कुणाकुणाला ठाऊक असलेले.
मी एक रकाना जास्तीचा ठेवला.
मॅडम म्हणाल्या, ता. बं. हे कुठलं प्रमाण चिन्ह?
म्हटलं, मध्य प्रदेश विद्युत मंडळ.
त्या पडद्यावर तशाच थांबल्या, तोंड जरा उघडं,
हसत होत्या की नेट गेलं होतं
कळलं नाही.

तिथे मी काही भरलं नाही.